फौजदाराची हजामत

आमच्या ह्यांना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही, 'कारागीर' म्हणतात. आणि खोटं कशाला बोलू, माणूस आहेच तसा. गालावर वस्तरा फिरतोय की पंख्याचा वारा लागतोय, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दुसऱ्या दुकानांत भोकाड पसरणारी पोरं ह्यांच्या खुर्चीत झोपून जातात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची दाढी करायला हे स्वतः त्यांच्या घरी जातात आणि परत येताना उगीच नाक ओढत येतात. अशा माणसाशी संसार म्हणजे भांडायचीही सोय नाही. मी दहा वाक्यं बोलावीत, तेव्हा ह्यांचं एक 'हं' येतं.

पण एक खोड आहे. अर्धवट काही बघवत नाही. गिऱ्हाईक घाईत उठायला लागलं, की खांदा दाबून परत बसवतात. "एक बाजू राहिलीये," म्हणतात, "असे बाहेर गेलात तर तुमचं काही नाही, माझी अब्रू जाईल." एकदा एकाला घरून फोन आला, तो तसाच उठून पळाला, तर हे कात्री घेऊन त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले होते. लोक अजून हसतात त्यावर. मीही हसायचे.

माझा धाकटा भाऊ शहराबाहेर शेळ्या पाळतो. त्याच्याकडे राखणीचा कुत्रा आहे. कुत्रा आपला म्हणायचा म्हणून. उभा राहिला की माझ्या कमरेला लागतो, डोकं बादलीएवढं, आणि अंगावर पांढऱ्या केसांची गादीच्या गादी. ह्या जातीचं पिल्लू डोळे उघडल्यापासून करडांतच वाढवतात. मग ते शेळ्यांनाच आपलं घरदार समजतं. हाकणं नाही, वळणं नाही, नुसतं त्यांच्यात राहायचं आणि परक्याला जवळ येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. हा रोज सकाळी कळपाला एक फेरी मारायचा, एकेकीला हुंगायचा आणि मग उंचवट्यावर बसून सगळ्यांवर डोळे वटारायचा. म्हणून भावानं नाव ठेवलं फौजदार.

त्या उन्हाळ्यात लांडग्यानं फौजदाराची मागची मांडी फाडली. जखम चिघळली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज धुऊन मलमपट्टी करायची आणि ह्याला शेळ्यांपासून लांब ठेवायचं, नाहीतर जरा खुट्ट झालं की हा उठणार, जखम भरायची कशी? भाऊ एकटा. तो बिचारा शेळ्या बघणार की पट्टी बांधत बसणार?

"आमच्याकडे ठेव," हे म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. दुकानामागे आमच्या दोन खोल्या आणि एक छोटंसं अंगण. तिथे आम्हीच कसेबसे मावतो.

भावाचे डोळे भरले. "भाऊजी, तुमच्या हाताला तर कोण नाव ठेवणार! फक्त शेळ्या विण्याच्या आत परत द्या. करडं झाली की त्या वासानं लांडगे पार दारापर्यंत येतात. ह्याच्याशिवाय माझा निभाव लागायचा नाही."

झालं, फौजदार आमच्याकडे राहायला आला. मला आधीच दुकानातले केस झाडता झाडता पुरेवाट होते, त्यात आता घरात केस, ताटात केस, देवा रे, उशीखालीसुद्धा केस! पाणी प्यायला भांडं चालेना, बादली लागायची. "ये" म्हटलं की आधी आपल्याकडे बघणार, मग विचार करणार, मग वाटलं तर येणार. ऐकणं ह्या कुत्र्यांच्या जातीत नाहीच म्हणे, स्वतःच्या बुद्धीनं चालतात. गल्लीत कुणाचं पाऊल वाजलं की असा भुंकायचा की फडताळातल्या बशा हलायच्या. शेजारणीला मी रोज सकाळी हात जोडायचे. आम्ही दोघं सोडलो तर साऱ्या जगावर त्याचा संशय.

पहिल्या दिवशी पट्टी सोडताना तो ह्यांच्यावर गुरगुरला. हे हललेच नाहीत. हात तसाच धरून बसले, हळू आवाजात काहीतरी गुणगुणत राहिले. थोड्या वेळानं त्या धिप्पाड जनावरानं आपलं डोकं ह्यांच्या मांडीवर टाकलं ते टाकलंच. त्यानंतर हे उभे असले की हा येऊन सगळा भार देऊन त्यांना टेकायचा. आमचे हे आधीच काडीपैलवान, भिंतीला हात लावून उभे राहायचे, पण बाजूला व्हायचे नाहीत. मला इतक्या वर्षांत ह्या माणसानं कधी गाणं गुणगुणून दाखवलं नाही, आणि कुत्र्याला? असो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जखमेभोवतीचे केस कापा. ह्यांनी दुकानातली मशीन आणली आणि मांडीवर छान चौकोन काढला. तिथेच थांबायचं ना! पण दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता हे त्याच्याकडे टक लावून बसले.

"एक बाजू उघडी दिसतेय," म्हणाले.

"तो काय लग्नाला निघालाय?" मी म्हटलं आणि पिशवी घेऊन बाजारात गेले.

पुढचं सगळं माझ्या माघारी झालं. दुसरी मांडी सारखी केली. मग कंबर जाड दिसायला लागली म्हणून कंबर. मग पाठ. मग मान भलतीच झुपकेदार वाटली. बुडत्याचा पाय खोलात, तसं एकेक बाजू सारखी करता करता हे पार शेपटीच्या टोकापर्यंत पोचले. वर दुकानातला शाम्पू लावून आंघोळ, टॉवेलनं पुसणं, पावडर आणि गिऱ्हाइकांच्या मानेवर मारतात तो सुगंधी फवारा! मी परत आले तर अंगणात एक गुलाबीसर, लांब पायांचं, अनोळखी जनावर उभं. अंगणभर केसांचा हा ढीग. आणि हे त्या ढिगात उभे राहून असे हसत होते, जसे आमच्या लेकीच्या जन्माच्या वेळी हसले होते.

"हलला नाही गं," म्हणाले, "असं गिऱ्हाईक नशिबानं मिळतं."

मीही हसले. "अगं बाई, एवढासा निघाला होय हा!" म्हटलं. "चला, बिचाऱ्याचं उन्हाळ्याचं ओझं उतरलं." सारी गल्ली बघायला लोटली. कुणीतरी फोटो काढला, तो ह्यांनी आरशाशेजारी लावला. येणारा-जाणारा म्हणायचा, "मानलं कारागीर!" आणि हे लाजून कंगवा पुसत बसायचे.

डॉक्टरीणबाई जखम बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अहो, ते ओझं नव्हतं, त्याचं छप्पर होतं. ऊन आणि थंडी त्या केसांतच अडते. लांडग्याचे दातसुद्धा तिथेच अडकतात, म्हणून मानेवरचं मांडीवर निभावलं. आता पूर्वीसारखं यायला वर्ष तरी जाईल." आणि खरंच, त्याची पाठ उन्हानं लाल झाली होती. आम्हाला ते दिसलंच नव्हतं, आम्ही कौतुकात होतो. हे आत गेले, स्वतःचा जुना सदरा आणला आणि खाली मान घालून त्याच्या पाठीवर बांधला.

तरी आम्हाला वाटलं, केस काय, घरचंच पीक, उगवेल. खरी शोभा पुढेच होती.

मांडी भरून आली, तसा भाऊ न्यायला आला. फौजदाराकडे एकदा बघितलं आणि त्याला टेम्पोत चढवलं. आम्हीही टेम्पोत बसलो. गोठ्याचं फाटक उघडलं आणि फौजदार, जो आयुष्यात कधी घाई करत नाही, तो धावला. लंगडत, शेपूट हलवत, तोंडानं बारीक आवाज करत, माहेरी आलेल्या पोरीसारखा धावला.

शेळ्यांनी माना वर केल्या, आणि दुसऱ्या क्षणी सगळा कळप उधळला. पोटुशा शेळ्यासुद्धा एकमेकींना तुडवत पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. केस नाहीत, ओळखीचा वास नाही, वर दुकानातला घमघमाट. त्यांच्या लेखी हे कुणीतरी भलतंच होतं. एक म्हातारी म्होरकी तेवढी पुढे आली. पिल्लू असताना हा तिच्याच पोटाशी झोपायचा. फौजदारानं तिला बघून अंग जमिनीला टेकवलं, पोटावर सरपटत तिच्याकडे निघाला. तिनं मान खाली घातली आणि नेमकी दुखऱ्या मांडीवर धडक दिली. तो ओरडला नाही की गुरगुरला नाही. उठला, वळला आणि येऊन ह्यांच्या पायांमागे तोंड लपवून बसला.

ह्यांचं तोंड मी बघितलं. ते मला परत कधी बघायचं नाही.

"बरा दिसावा म्हणून केलं रे मी," हे म्हणाले.

मग मात्र भावानं बिनपाण्यानं केली. "माझा कळप आरशात बघत नाही, भाऊजी! आता विणाऱ्या शेळ्या मी कुणाच्या भरवशावर बाहेर काढू? तुमच्या पावडरीच्या? शेळ्यांनी ह्याला परत घेतलं नाही तर हा माझ्या काय कामाचा? तो गोदामवाला कधीचा मागतोय. जाईल तिथे, आयुष्यभर साखळीला." भाऊ असं कधी बोलत नाही, ह्यांना तर तो वडिलांच्या जागी मानतो. आपलेच दात, आपलेच ओठ, मी कुणाची बाजू घेऊ? फौजदाराला गोठ्यावरच ठेवून घरी आल्यावर मी ती कसर काढली. "कारागीर म्हणे कारागीर! हात दाखवून अवलक्षण! माझ्या भावासमोर मला तोंड वर करायला जागा ठेवली नाहीत." आणखीही बोलले. हे दुकानात गेले, आरशाशेजारचा फोटो उतरवला आणि भिंतीवरचा चिकटपट्टीचा डाग नखानं खरवडत बसले.

दुसऱ्या दिवसापासून हे दुपारीच दुकान बंद करून गोठ्यावर जायला लागले. लेंड्यांत मांडी घालून बसायचे. शेळ्यांच्या बसायच्या जागेवरचं गवत मुठीनं उचलून फौजदाराच्या अंगाला चोळायचे. तो ह्यांच्या पायांवर पडलेला असायचा. तेच कपडे, तोच वास घेऊन सकाळी दुकान उघडायचे. जो माणूस गिऱ्हाइकाला श्वासाचा वास नको म्हणून दर वेळी वेलची चघळायचा, तोच हा! गिऱ्हाईक नाक मुरडायचं, तर हे स्वतःच सांगायचे, "शेळ्यांचा वास आहे. मी एका मुक्या जनावराला घरातून उठवलं, त्याचा वास आहे." मी आतून ऐकायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणी चेष्टेनं विचारायचं, "तुमचं ते गुणी गिऱ्हाईक कुठाय हो?" तर त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगत बसायचे. मी म्हटलं, अहो, पुरे आता, स्वतःची दवंडी किती पिटाल? तर म्हणाले, "कौतुक सगळ्यांकडून घेतलं ना? मग हेही सगळ्यांसमोरच."

शेळ्या हळूहळू निवळल्या. आता उधळत नव्हत्या, त्याच्याजवळून चरत जायच्या. मला वाटलं, सुटलो. पण एके दिवशी भाऊ दुकानात आला. रिकाम्या खुर्चीत बसला, आरशातूनच ह्यांच्याशी बोलायला लागला. समोरासमोर बोलायची त्यालाही लाज वाटत असावी.

"भाऊजी, रागाच्या भरात मी नको ते बोललो. पण आज रागानं नाही सांगत. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"का रे? शेळ्या आता घाबरत नाहीत. मी माझी चूक निस्तरतोय."

"शेळ्या त्याच्याकडे यायला तयार आहेत, तोच जात नाही. त्यांनी हाकललं तेव्हा तुम्ही जवळ केलंत, आता तुम्हीच त्याचा कळप. तुम्ही असलात की तुमच्या पायाशी, आणि तुम्ही निघालात की फाटकाशी. शेळ्यांकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसतो. राखणीचा कुत्रा शेळ्यांकडे पाठ करून बसलेला मी जन्मात बघितला नव्हता." मग म्हणाला, "तुम्ही येता ते तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. त्याचं त्यात नुकसान आहे."

ह्यांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, परत उलगडली. "एकदा येऊन जातो. नीट निरोप घेतो."

"नको."

"त्याला वाटेल मीही टाकलं."

"वाटू द्या, भाऊजी. तसंच वाटायला हवं."

मला भावाचा असा संताप आला! इतके दिवस मी त्याच्या बाजूनं नवऱ्याला घालूनपाडून बोलत होते, आणि आता वाटलं, ह्याला हाताला धरून बाहेर काढावं. पण हेच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

हे गेले नाहीत. दुपारी दुकान उघडं असायचं, हे वस्तऱ्याला धार लावत बसायचे, आधीच धार असलेल्या वस्तऱ्याला. मला भावाकडून कळत होतं. फौजदारानं खाणं सोडलंय. फाटकाशी पडून असतो, कुणी रस्त्यानं आलं की उठतो, माणूस बघतो आणि परत पडतो. हे मला विचारायचे, "खातो का गं?" मी सांगायचे, "खातो की, दोन वेळा, भरपूर." खोटं सांगताना माझी नजर चुलीवरून हलायची नाही. ह्यांना ते कळत असणारच. जेवण तसंच निवत राहायचं.

मग एका सकाळी भावाचा फोन आला. पहिली शेळी व्यायली. "ताई, तू ये. एकटीच ये."

मी गेले. फाटकातून आत बघितलं. फौजदार गोठ्याच्या मधोमध बसला होता. अंगावर बोटभर केस आले होते, राठ, वेडेवाकडे, कुठे पांढरे, कुठे मातकट. म्हातारी म्होरकी त्याला पाठ टेकून रवंथ करत होती. आणि ओलं करडू त्याच्या पोटाशी मुडपून पडलं होतं, तो सावकाश त्याचं डोकं चाटत होता. करडाची आई शेजारी उभी राहून बिनघोर चारा खात होती. भाऊ म्हणाला, काल वेण सुरू झाली, शेळी ओरडायला लागली, आणि हा फाटक सोडून उठला. तेव्हापासून आतच आहे.

मला राहवलं नाही. मी "फौजदारा" म्हणत आत पाऊल टाकलं. तो उठला, माझ्या आणि करडाच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि छाती फोडून भुंकला. मग वास आला असावा. शेपूट हलली, चांगली दोनदा हलली. माझा जीव भांड्यात पडला. मी आणखी एक पाऊल टाकलं, तर शेपूट थांबली आणि घशातून गुरगुर आली. मी मागे सरले. तो परत जाऊन करडाशी बसला.

घरी आले तर हे दुकानाच्या पायरीवर उभे. दुकान उघडं टाकून! मी काही लपवलं नाही. केस किती आलेत ते सांगितलं, करडाचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. "मला त्यानं ओळख दिली," म्हटलं, "पण वाट नाही दिली."

"मी गेलो असतो तर माझ्यावरही गुरगुरला असता?"

"गुरगुरला असता."

"बरं झालं," म्हणाले. "फार बरं झालं." आणि आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. मला वाटलं, आता तरी हा माणूस सुटला, आता जेवेल. मी पाणी घेऊन गेले, तर ह्यांनी दोन्ही हातांत तोंड धरलेलं.

"अहो, आता काय झालं? मिळालं ना त्याला त्याचं घर?"

"मिळालं ना. तेच तर," म्हणाले. "तू सांगत होतीस तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता गं. आणि मी काय शोधत होतो माहितीये? तो फाटकाकडे एकदा तरी बघतो का, एवढं एकच तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. केस कापले ते चुकून कापले, त्याची लाज आज ना उद्या कमी होईल. पण ह्या हावेचं काय करू?"

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं सलग कधी बोलला नव्हता. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.